बर्टनहून आणलेली भीती

लेलेसाहेब गेल्याची बातमी आली तेव्हा मी डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत मळीचा नमुना तपासत होतो. कारखान्याच्या ऑफिसातला शिपाई दारात येऊन म्हणाला, "पुन्याहून फोन आल्ता. लेलेसाहेब गेले. झोपेतच गेले म्हनं." मी "अरेरे" म्हणालो, हातातली काचेची नळी पुसून जागेवर ठेवली, स्टुलावर बसलो आणि... खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. दुःख मागाहून आलं, दुपारच्या चहाच्या वेळी, आणि मग ते अजून गेलेलं नाही. पण आधी आली ती सुटका. माझा मामेभाऊ किसन गेल्या उन्हाळ्यात विहिरीत मेला. त्याचा दोष गावानं लेलेसाहेबांच्या माथी मारला. तो दोष माझा होता, हे त्यांना ठाऊक होतं आणि ते कधी ना कधी बोलतील या धास्तीत मी वर्ष काढलं होतं. आता ते बोलणार नव्हते. त्यांच्या स्मरणार्थ निघणाऱ्या या पुरवणीसाठी काही लिहून द्या असं मला कळवण्यात आलं तेव्हा मी दोनदा कागद फाडला. ही गोष्ट गाळून त्यांच्यावर लिहिणं मला जमेना, आणि घालून लिहायला हात धजेना.

साहेब मूळचे नगरचेच, शाळामास्तरांचे चिरंजीव. जिल्ह्यात ऊस वाढला, कारखाने आले, साखर काढून झाल्यावर उरणाऱ्या मळीचं करायचं काय असा प्रश्न आला आणि मळीपासून स्पिरिट काढण्याच्या डिस्टिलऱ्या निघू लागल्या, त्याच्या थोडं आधी ते शिष्यवृत्ती मिळवून विलायतेला गेले होते. तिथल्या बर्टन नावाच्या गावात दोन वर्षं राहून आंबवण्याचं शास्त्र शिकून आले. आमच्या डिस्टिलरीत मुख्य केमिस्ट म्हणून रुजू झाले ते अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, पायात चपला आणि शर्टाच्या खिशात मेणबत्तीचा तुकडा अशा थाटात. पेन विसरतील, मेणबत्ती विसरणार नाहीत. कामगारांनी आठवड्याभरात त्यांचं नाव मेणबत्तीसाहेब ठेवलं. मी बी.एस्सी. होऊन त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा मलाही हे जरा गमतीचंच वाटलं होतं. माणूस इतका भित्रा की जिना उतरतानासुद्धा कठडा सोडत नसे, आणि वर स्वतःच सांगे, "सुदाम, मी बर्टनहून काही आणलं असेल तर ती ही भीती. बाकीचं सगळं पुस्तकात आहे."

बर्टनविषयी ते बोलू लागले की आम्हाला घड्याळाचं भान राहत नसे. सगळं गाव बिअरवर उभं. लाल विटांच्या चिमण्या, रस्त्यारस्त्यावर पिंपांचे डोंगर. ब्रुअऱ्यांच्या, म्हणजे बिअरच्या कारखान्यांच्या, स्वतःच्या आगगाड्या भर बाजारातून रस्ता ओलांडत, मग फाटक पडे आणि पाव घ्यायला निघालेल्या बायकांपासून पाद्र्यापर्यंत सगळे सायकली धरून उभे राहत. मटकीला आणतो तसे सातूला मोड आणायचे, ते भट्टीत भाजायचे, आणि त्याचा खरपूस वास चोवीस तास गावावर. धुतलेल्या कपड्यांना तोच वास, चर्चमधल्या बाकांना तोच वास. पिंपं करणाऱ्या कारागिरांची ठोकाठोक पहाटे सुरू होई आणि लोक तिच्यावर उठत. दर रविवारी एक प्रवचनकार दारूच्या विरोधात घसा कोरडा करी आणि ऐकणारे सगळे सोमवारी सकाळी ब्रुअरीच्या भोंग्याला हजर. आमच्या साहेबांनी त्या गावात दोन वर्षं काढून बिअरचा थेंब गिळला नाही. तोंडात घ्यायची, चव नोंदवायची, थुंकायची. तळाशी उरलेल्या यीस्टचा एक काळा, खारट लगदा तिथं पावाला लावून खातात, त्याच्यावर या शाकाहारी माणसानं दोन हिवाळे ढकलले.

पण त्यांचा खरा जीव होता तिथल्या विहिरींवर. ते म्हणत, बर्टनला नदी आहे, पण बर्टन घडवलं ते विहिरींच्या पाण्यानं. गावाखाली चिरोडीचे, म्हणजे जिप्समचे, थर आहेत. त्यांच्यातून मुरून आलेलं पाणी इतकं जड की त्यात साबणाला फेस येत नाही. शेकडो वर्षांपूर्वी तिथल्या मठातल्या साधूंच्या ध्यानात आलं की याच पाण्याची बिअर स्वच्छ आणि टिकाऊ होते. मग ती नदीतून होड्यांनी समुद्राला गेली, रशियापर्यंत पोचली, आणि तो बाजार बंद पडला तेव्हा हिंदुस्थानाकडे वळली. पाच-सहा महिने जहाजात उन्हातान्हात हिंदकळूनही न नासणारी फिकी बिअर त्यांनी खास आपल्याकडच्या गोऱ्यांसाठी केली. "म्हणजे बघ," साहेब हसत, "नगरच्या कॅम्पातले सोल्जर बर्टनच्या विहिरीचं पाणी पीत होते, आणि मी नगरचा माणूस ते पाणी शिकायला बर्टनला गेलो." आमच्या भागातल्या ज्या विहिरींच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून बायका कावतात, त्यांचं पाणी ते ओंजळीनं चाखून बघत आणि खुशीत म्हणत, "अरे, हे तर बर्टन!"

भीतीची गोष्ट त्यांना तिथल्या घरमालकिणीनं सांगितली होती. ही बाई विधवा. तिचा नवरा एका ब्रुअरीत टाक्या धुण्याच्या कामावर होता. बिअर असो की आपलं स्पिरिट, आंबताना एक वायू निघतो. त्याला रंग नाही. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे टाकी रिकामी केली तरी तळाशी पाण्यासारखा साचून राहतो, फक्त दिसत नाही. म्हणून बर्टनमध्ये रीत होती की माणूस उतरण्याआधी दोरीला बांधून पेटती मेणबत्ती खाली सोडायची. ती विझली की थांबायचं. एका सकाळी घाईत एकानं ते केलं नाही. तो खाली कोसळला. त्याला काढायला या बाईचा नवरा उतरला, आणि नवऱ्याला काढायला तिसरा. तिघंही एकाच गल्लीतले. ती साहेबांना म्हणाली होती, "पहिल्याला वायूनं मारलं. माझ्या माणसाला त्याच्या चांगुलपणानं मारलं." हे सांगून झालं की साहेब माझ्याकडे बोट रोखून विचारत, "खाली पडलेल्याच्या मागं कोण उतरायचं?" आणि मी शाळकरी पोरासारखं म्हणायचं, "कुणी नाही."

आमच्या डिस्टिलरीत ही रीत लावताना त्यांना त्रास झाला तो वेगळाच. आमच्याकडे दिवा विझला असं कुणी तोंडानंही म्हणत नाही, दिव्याला निरोप देतात. आणि हा साहेब कामाच्या आरंभी, रोज, मुद्दाम दिवा विझायला पाठवणार! मुकादम हात जोडून म्हणाला, "साहेब, कामाच्या तोंडाला दिवा इझनं लई वंगाळ. तुमी म्हनाल त्ये करू, पन ह्ये नगं." साहेबांनी त्याला शास्त्र सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "मुकादम, तुमच्यावर येणारं तो स्वतःवर घेतो." मुकादमाला ते पटलं. पुढं पुढं तर मेणबत्ती विझून वर आली की टाकीवरचे लोक तिला हात लावून नमस्कार करत. आमच्याकडे एवढ्या वर्षांत टाकीत कधी माणूस दगावला नाही.

मग दुष्काळ आला. त्याचं वर्णन मी करत नाही, सगळ्यांनी भोगलाय. ऊस वाळला, कारखान्याचा हंगाम आटोपता घ्यावा लागला, डिस्टिलरी थंड पडली. गावोगाव लोक आटलेल्या विहिरी खोल करायला आणि टाकून दिलेल्या विहिरी उपसायला लागले. अशा विहिरींच्या तळाशीही तोच वायू साचतो, हे साहेबांना ठाऊक होतं. उन्हात सायकल मारत ते या गावातून त्या गावात जात, विहिरीच्या काठावर उभे राहून मेणबत्ती सोडत. लोक हसत. खुळं म्हातारं, भरदिवसा दिवा घेऊन फिरतंय. मी त्यांच्याबरोबर जात असे, पण चार पावलं मागून. मला लाज वाटायची, हे आज लिहायला हवं.

माझ्या मामीच्या मळ्यात अशीच एक विहीर होती. मामा वारल्यापासून शेती रामा आणि किसन ही दोघं भावंडं पाहत. रामा थोरला, माझ्याच वयाचा, किसनचं लग्न जमत आलेलं. ही विहीर सात परस खोल, म्हणजे एकाच्या डोक्यावर एक अशी सात माणसं उभी करावीत एवढी. शेजारून डिस्टिलरीच्या सांडपाण्याचा ओढा जाई. त्याची मळी पाझरून विहिरीतलं पाणी नासलं म्हणून ती कित्येक वर्षं कुणी वापरली नव्हती. आता तळाशी गाळच उरला होता. तो काढला तर नवा झरा लागेल अशी रामाला आशा. गाळ काढायच्या दिवशी पहाटेच साहेबांनी काठावर वाकून एकदा वास घेतला आणि मागं सरले. आंबूस, गोडसर वास. म्हणाले, "ही विहीर नाही, ही टाकीच आहे." त्यांना त्या दिवशी कामानं नगरला जायचं होतं. जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "मी दुपारपर्यंत येतो. तोवर कुणी उतरायचं नाही. आणि ऐकलंच नाही कुणी, तर मेणबत्ती तू सोडायची. तूच." स्वतःच्या खिशातला तुकडा काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

मुहूर्त सकाळचा होता. नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं. मी म्हटलं, साहेब येईस्तोवर थांबू, तर रामा म्हणाला, मुहूर्त काय तुझ्या साहेबाची वाट बघतोय व्हय? मी खिशातून मेणबत्ती काढली. मामीनं ती पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. "सुदामा, आजच्या दिशी न्हाई रं बाबा. म्होरतावर दिवा इझला तर पानी तर लागायचंच न्हाई, पन माझं पोरगं खाली जानार हाय..." पुढचं ती बोलली नाही. बोलायची गरज नव्हती. वायू काय असतो हे मी कॉलेजात शिकलो होतो, पण मुहूर्तावर दिवा विझण्याची भीती माझ्या हाडातली होती, मामीच्याच घरात खाऊनपिऊन वाढलेली. मीही मनातून म्हटलं, विहिरीचं तोंड एवढं मोठं, उघडं, ही काही बंद टाकी नव्हे. सायकलच्या पिशवीत माझी नवीकोरी बॅटरी होती, तीन सेलची. मी म्हणालो, "बॅटरी सोडतो. इझायचा प्रश्नच न्हाई." सगळ्यांचे चेहरे खुलले. मामीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. दोरीला बांधून मी बॅटरी खाली सोडली. तिच्या उजेडात तळापर्यंत सगळं लख्ख दिसलं, गाळ, दगड, एक फुटका पोहरा. मी मोठ्यानं म्हणालो, "साफ हाय."

किसन विहिरीच्या भिंतीतले दगडी पायटे धरून उतरला. कमरेला दोर बांधायचा हाही साहेबांचा नियम, पण तो हसून नको म्हणाला. गाणं गुणगुणत होता. शेवटचे दोन-तीन पायटे राहिले तेव्हा गाणं थांबलं. त्यानं मान वर करून आमच्याकडे पाहिलं, झोप आल्यासारखं, आणि हात सुटले. गाळात पडल्याचा आवाज झाला. पुढं काहीच नाही. मी त्याला हाका मारत होतो की नुसताच तोंड उघडून उभा होतो, मला आठवत नाही. रामानं धोतर खोचलं आणि काठावर पाय टाकला, तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या अंगावर झेप घेतली. लेलेसाहेब. नगरचं काम अर्धवट टाकून पहिल्या गाडीनं परत आले होते. जिना उतरताना कठडा धरणारा माणूस विहिरीच्या ऐन काठावर रामाच्या दोन्ही पायांना मिठी मारून पडला होता. रामा दांडगा, त्यानं लाथा घातल्या, साहेबांचा चष्मा फुटला, ओठ फाटला. "सोडा! माझा भाऊ हाय त्यो, सोडा मला!" साहेब ओरडत होते, "नाही सोडणार! दोर आणा, याला बांधा!" बाकीच्यांनी मिळून रामाला धरलं. साहेबांनी कडुलिंबाच्या फांद्या तोडवून दोराला बांधल्या, त्या खालीवर, खालीवर करायला लावल्या, वायू हलावा म्हणून. घरात प्यायला ठेवलेले दोन हंडे त्यांनी विहिरीत ओतवले. मग खिशातून दुसरा मेणबत्तीचा तुकडा काढून पेटवून सोडला. विझला. पुन्हा फांद्या, पुन्हा मेणबत्ती. ती जळत राहिली तेव्हा एकाला दोर बांधून उतरवलं. किसनला वर काढलं, पण त्याच्यात काही उरलं नव्हतं.

माझ्या बॅटरीची दोरी अजून तशीच लोंबत होती. साहेबांनी ती ओढून घेतली. बॅटरी लख्ख पेटलेली वर आली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग तिचं बटण बंद केलं आणि ती आपल्या पिशवीत टाकली. पंचनाम्याच्या वेळी विचारणा झाली तेव्हा म्हणाले, "तपासणीची जबाबदारी माझी होती. मी वेळेवर पोचलो नाही." एक अक्षर खोटं नव्हतं त्यात, पण जे खरं घडलं तेही त्यात नव्हतं. मी बाजूला उभा होतो.

गावाला बॅटरी आणि मेणबत्ती यांतला फरक काय कळणार! गावानं पाहिलं ते एवढंच, की भाऊ भावाला वाचवायला निघाला होता आणि साहेबानं त्याला धरून ठेवलं. भर बाजारात रामा त्यांच्या तोंडावर थुंकला. "माझा भाऊ तुमी मारला. त्या येळी सोडलं असतं तर त्यो आज हुता." साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं आणि भाजीची पिशवी घेऊन क्वार्टरकडे चालू लागले. मी तिथं होतो. दहा पावलांवर. रोज रात्री झोपताना ठरवायचो, उद्या सांगायचं. सकाळी मामीचा चेहरा डोळ्यांपुढं यायचा. सांगायचं तर तिचे शब्दही सांगावे लागतील, आणि पोर गमावलेल्या बाईला हे कळलं तर ती जगेल का? ही सबब खोटी नव्हती, पण मी तिच्याआड लपलो होतो, हेही खरं.

दिवाळीनंतर साहेबांनी नोकरी सोडली. पुण्याला बहिणीकडे जायचं, त्याआधी दोन दिवस केडगावला चुलतभावाकडे थांबणार होते. तिथं मी त्यांचं सामान पोचवायला गेलो. अंगणात बसलो होतो. मी म्हणालो, "साहेब, त्या दिवशी..." त्यांनी माझं वाक्य तिथंच तोडलं. "मामी कशा आहेत?" मी म्हटलं, "बऱ्या आहेत." "त्यांना जप," एवढं म्हणाले आणि बर्टनमध्ये थंडी पडली की पिंपांच्या लाकडाचा आवाज कसा बदलतो ते सांगत बसले. माझी त्यांची ती शेवटची भेट.

साहेब वारल्यावर महिनाभर मी काहीच केलं नाही. मग एका दुपारी सायकल काढली आणि मामीच्या मळ्यात गेलो. वाटेत दोनदा उतरून उलटं वळलो. रामा ओसरीवर दोर वळत बसला होता. मी उभ्यानंच बोलायला सुरुवात केली, बसलो असतो तर बोलणं झालं नसतं. त्याला सगळं सांगितलं. वायू म्हणजे काय, मेणबत्ती कशाला सोडतात, बॅटरीला हवा लागत नाही, ती मेलेल्या विहिरीतही जळते. तू उतरला असतास तर किसनच्या अंगावर पडला असतास. बर्टनच्या त्या बाईचीही गोष्ट सांगितली. आणि म्हणालो, "मेनबत्ती माझ्या हातात हुती. बॅटरी सोडायचं माझ्याच डोक्यात आलं. दुसऱ्या कुनाचा त्यात काई संबंध न्हाई." रामाच्या हातातला दोर तसाच राहिला. त्याचा चेहरा मला वाचता येईना, मारायला उठतो की काय असं वाटत होतं. मग म्हणाला, "म्हंजी त्या मानसानं मला..." आणि तिथंच अडला. त्यानं ओठांवरून तळहात फिरवला, दोनदा.

तेवढ्यात मामी आतून दारात आली. ती ऐकत होती हे मला माहीत नव्हतं. म्हणाली, "खोटं सांगतोय त्यो. दिवा नगं म्हनून म्याच म्हनलं हुतं." मी म्हटलं, मामी, तुला काय ठाऊक होतं त्यातलं. ती म्हणाली, "तवा न्हवतं ठाऊक. पन त्यांनी सोडलेली मेनबत्ती इझली, आन् तुजी बॅटरी पेटलेली वर आली, तवाच कळलं. येवढं कळायला का साळंत जावं लागतं? बॅटरी पिशवीत टाकायच्या आंदी साहेबानं माझ्याकडं बी बघितलं हुतं. बोलला न्हाई. आन् म्या बी... ह्यानं बाजारात त्येंच्या तोंडावर थुकलं, त्ये घरी येऊन मला सांगितलं, तरी म्या गप."

रामा आईकडे बघत राहिला. कुणीच रडलं नाही. मी पुरवणीच्या लेखाचं सांगितलं, म्हणालो, एवढं सगळं काही लिहीत नाही, वरवर चार चांगल्या गोष्टी लिहून देतो. मामीनं पदर खांद्यावर घेतला आणि म्हणाली, "लिवनार असशील तर समदं लिव. तुजं लिव, आन् माझं बी लिव. मला वाचता येत न्हाई, रामा वाचून दावंल."